हात पुढे गेला की आरओव्ही मान का टाकतो

प्रश्न थोडक्यात असा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या चौघांनी साधारण 12 किलोच्या आरओव्हीला (केबल जोडून वरून चालवायच्या, पाण्याखालच्या यंत्रवाहनाला) चार सांध्यांचा, अर्धा मीटर लांबीचा हात बसवला आहे. थ्रस्टर, म्हणजे वाहनाला ढकलणारे पंखे, सहा: चार आडवे, कोपऱ्यांत तिरके बसवलेले, दोन उभे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. हाताचं वजन वाढलं म्हणून पाठीवर फोम वाढवला. हात दुमडलेला असताना सगळं सुरळीत चालतं. तो पुढे ताणला की वाहन जवळजवळ 30 अंश नाक खाली घालतं आणि हळूहळू मागे सरकत राहतं. महिनाभर पीआयडीचे गेन (चूक बघून मोटरला आदेश देणाऱ्या सूत्रातले गुणक) बदलून झाले. आता गाइड म्हणतात न्यूरल नेटवर्क लावा, मित्र म्हणतो मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल (गणिती मॉडेलवरून पुढची हालचाल आधीच वर्तवून आदेश ठरवणारी पद्धत) लावा. दोन्हीपैकी काय निवडावं?

आत्ता दोन्ही कपाटात ठेवा. तुमचा गुंता आधी वजनकाट्यावर सुटेल. मग कंट्रोलची पाळी येईल, आणि तेव्हाही त्याला भरपूर काम उरलेलं असेल.

आधी थ्रस्टर मोजू. डावी-उजवीकडचे दोन उभे थ्रस्टर एकत्र चालवले की वाहन वर-खाली जातं, उलटसुलट चालवले की एका कुशीवर कलतं. नाक उचलायला त्यातला एकही कामाचा नाही, कारण पुढे एक आणि मागे एक अशी जोडीच नाही. आडवे थ्रस्टर गुरुत्वमध्याच्या थोडे वर किंवा खाली असतात, त्यामुळे पुढे जोर लावला की थोडा पिच (नाक वर-खाली होणं) होतो. पण तो फुकटचा त्रास, त्याच्या जिवावर नाक सावरता येत नाही. म्हणजे महिनाभर पिचच्या लूपमध्ये (मोजा, चूक काढा, आदेश द्या या चक्रात) तुम्ही जे आकडे फिरवत होता, ते कुठल्याच मोटरपर्यंत पोचत नव्हते. हसत नाही मी. आमच्या पहिल्या वाहनावर आम्ही हाच उद्योग तीन आठवडे केला होता, फक्त रोलच्या (कुशीवर कलण्याच्या) बाबतीत.

मग नाक सावरतं कोण? वाहनाचा स्वतःचा तोल. वर फोम आणि खाली बॅटरी ठेवतात ती त्यासाठीच: उत्प्लावनाचं केंद्र वर, गुरुत्वमध्य खाली. वाहन कललं की ही दोन केंद्रं एका उभ्या रेषेतून सुटतात आणि बुडाला शिसं भरलेल्या बाहुलीसारखं ते परत सरळ व्हायला बघतं. पण हा जोर किती? दोन केंद्रांमध्ये 3 सेंटिमीटर अंतर धरलं तर 12 × 9.81 × 0.03, म्हणजे जेमतेम 3.5 न्यूटन-मीटर, आणि तोही वाहन पुरतं उभं राहिल्यावर. आता हाताचं पाण्यातलं वजन 900 ग्रॅम धरा. दुमडलेला हात पूर्ण ताणला की त्याचा गुरुत्वमध्य 25 सेंटिमीटर पुढे गेला असं धरा. झाले 2.2 न्यूटन-मीटर. भागाकार 0.63, आणि ज्या कोनाचा टॅन 0.63 तो कोन 32 अंश. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तरी तुमच्या 30 अंशांच्या शेजारीच येऊन पडले.

मोठ्या वाहनांना हा त्रास कमी का जाणवतो, तेही याच हिशेबात दिसतं. तेलक्षेत्रात वापरतात त्या 3 टनी आरओव्हीत दोन केंद्रांमध्ये 20 सेंटिमीटर धरले, तर सावरणारा जोर 5,900 न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. तिथे शिलिंग कंपनीचा टायटन 4 हा पाण्यात 78 किलो भरणारा हात पूर्ण ताणून त्याचं वजन मीटरभर पुढे सरकलं, तरी वाहन 7-8 अंशच कलतं. म्हणून मोठ्या वाहनांवरचे व्हिडिओ बघून छोट्या वाहनाची अपेक्षा ठरवू नका. तुमच्या वाहनाला बसवलेला हात म्हणजे होडक्याला बसवलेली क्रेन.

आता मागे सरकणं. तुम्ही लिहिलंय की हात पुढे जातो म्हणून प्रतिक्रियेने वाहन मागे जातं. तो धक्का खरा आहे, पण हात थांबला की तोही संपतो. तुमचं वाहन हात थांबल्यावरही मागे जात राहतं. दोषी आहे डेप्थ-होल्ड, म्हणजे खोली आपोआप राखणारा लूप. पाठीवर फोम वाढवल्यामुळे वाहन किंचित तरंगतं झालं आहे, म्हणून उभे थ्रस्टर त्याला सतत खाली दाबत असतात. वाहन सपाट असताना हा दाब सरळ खाली. नाक खाली गेलं की वाहनाचं पोट मागच्या बाजूला वळतं, आणि पोटाच्या दिशेने ढकलणारे तेच थ्रस्टर आता खाली आणि मागे ढकलतात. तरंगशक्ती 300 ग्रॅम जास्त असेल तर 32 अंशांवर मागे ढकलणारं बल साधारण 1.8 न्यूटन होतं. समोरून 850 चौरस सेंटिमीटरच्या, खोक्यासारख्या वाहनाला तेवढं बल सेकंदाला 20 सेंटिमीटरच्या आसपास वेग देतं. पडताळा सोपा आहे. वाहनाला 400-500 ग्रॅमचं वजन बरोबर मध्यावर बांधून ते किंचित बुडतं करा. हात ताणल्यावर तेच वाहन आता पुढे सरकायला लागेल. तसं झालं नाही तर माझं निदान चुकलं, आणि मग टेदर (वाहनाला जोडलेली केबल) तपासा. तलावाच्या काठावरून ओढ देणारी टेदर भल्याभल्यांना चकवते.

अंदाजाचे आकडे टाकून खरे मिळवायला एक दुपार पुरे. थ्रस्टर बंद ठेवा. हात दुमडा. 200 ग्रॅमचा लोखंडी तुकडा घ्या. पाण्यात तो सुमारे 174 ग्रॅम भरतो, हे विसरलात तर पुढचं सगळं 13 टक्क्यांनी चुकेल. मध्यापासून 30 सेंटिमीटर पुढे, फ्रेमला बांधलेल्या काठीवर तो टांगा. पाणी शांत होऊ द्या आणि आयएमयूवरचा (कल मोजणाऱ्या सेन्सरवरचा) पिच लिहून घ्या. 8 अंशांच्या आसपास आला तर 3.5 हा आकडा बरोबर. वेगळा आला तर तुमचा आकडा तो. मग तुकडा काढा आणि हाताचा एकेक सांधा 15-15 अंशांनी हलवत प्रत्येक वेळी पिच लिहा. हा तक्ता जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग फोम, पण पाठीवर नाही, हातावर. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात. बुडणाऱ्याला बांधतात, काठावर बसलेल्याला नाही. तुम्ही हाताचं वजन वाहनाच्या पाठीवर फोम लावून फेडलंत, त्यामुळे एकूण बेरीज जवळजवळ शून्य झाली, पण वजन पुढे सरकलं तरी फोम जागच्या जागी राहिला. प्रत्येक लिंकला (दोन सांध्यांमधल्या तुकड्याला) तिचा स्वतःचा फोम द्या, शक्यतो त्या लिंकच्या गुरुत्वमध्याभोवती. 900 ग्रॅमचे 200 राहिले तरी 32 अंशांचे 8 अंश होतात. एकही ओळ कोड न लिहिता. फोम जाड होईल, हात बेढब दिसेल आणि ड्रॅग (पाण्याचा विरोध) वाढेल, तो सौदा परवडतो. शून्यावर आणायचा हट्ट मात्र करू नका; ग्रिपरने (हाताच्या टोकाच्या चिमट्याने) काही उचललं की तो हिशेब तसाही बिघडणारच.

इथे दोन गोष्टी ओघात. तलावात शून्यावर जुळवलेलं 12 लिटर विस्थापनाचं वाहन मालवणच्या समुद्रात टाकलंत तर ते 300 ग्रॅमने हलकं होईल, कारण खारं पाणी अडीच टक्के जड असतं. आणि दुकानात मिळणारा मऊ फोम खोलीवर चेपतो, म्हणजे जितकं खाली जाल तितका डबा लहान होत जातो. खोल पाण्यासाठी काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे राळेत घट्ट बसवलेला सिंटॅक्टिक फोम लागतो. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचा रोसब 6000 हा आरओव्ही 2010 मध्ये 5,289 मीटरपर्यंत उतरला होता. तिथे पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या 500 पटींहून जास्त असतो.

आता हालचालीतली बलं. पाण्यात हात फिरवताना तो सभोवतालचं पाणीही हलवतो, म्हणून त्याचं जडत्व वाढल्यासारखं वागतं. यालाच ॲडेड मास म्हणतात. लांब नळकांडं आडवं ढकललं तर हे वाढीव वस्तुमान त्याने विस्थापित केलेल्या पाण्याएवढं असतं. तुमचा हात 6 सेंटिमीटर जाड, 50 सेंटिमीटर लांब धरला तर 1.4 किलो. 12 किलोच्या वाहनाला हे दुर्लक्ष करण्याजोगं नाही. ड्रॅगचं गणित आणखी बोलकं आहे. खांद्यातून सेकंदाला 1 रेडियनने हात फिरवला तर खांद्यावर सुमारे अर्धा न्यूटन-मीटर येतो. वेग दुप्पट केला की 2. वेग निम्मा केला की 0.13. वजनाच्या 2.2 शेजारी हा आकडा ठेवून बघा: हळू फिरणाऱ्या हातात ड्रॅग किरकोळ, वेगाने फिरणाऱ्यात तो वजनाच्या बरोबरीला येतो. म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. हात सावकाश फिरवा, आणि सुरुवात-शेवट गुळगुळीत ठेवा.

ते पुरत नसेल तेव्हा फीडफॉरवर्ड. हात कुठे जाणार आहे हे तुमच्याच कॉम्प्युटरला आधीपासून माहीत असतं. मग वाहन कलेपर्यंत, कललेलं सेन्सरला दिसेपर्यंत आणि लूप जागा होईपर्यंत थांबायचं कशाला? हाताच्या हालचालीवरून येणारं बल आधीच काढा आणि तेवढा विरुद्ध जोर थ्रस्टरला द्या. हे कागदावरचं नाही. 1996 साली मॅक्लेन, रॉक आणि ली यांनी कॅलिफोर्नियातल्या ऑटर या वाहनावर एका सांध्याचा हात लावून हेच मोजलं होतं. हाताच्या टोकाची चूक, वाहनाला काहीच कंट्रोल नसतानाच्या तुलनेत सहापटीहून कमी झाली. हात आणि वाहन यांना वेगवेगळा फीडबॅक देण्याच्या तुलनेत ती अडीचपट कमी झाली. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक लोक जिथे थांबतात तिथपासून पुढची ती कमाई आहे.

तुमच्यासाठी फीडफॉरवर्डचा पहिला हप्ता म्हणजे दुपारी बनवलेला तो तक्ता: सांध्यांचे कोन द्या, पिचचं बल घ्या (लिहिलेल्या पिचचा टॅन गुणिले 3.5 च्या जागी आलेला तुमचा आकडा). ॲडेड मास आणि ड्रॅगची पदं नंतर जोडा. पण ते बल द्यायला पुढे-मागे उभे थ्रस्टर हवेत, म्हणजे आठ थ्रस्टरची फ्रेम. मध्यापासून 12 सेंटिमीटरवर चार उभे थ्रस्टर असतील तर आजचे 2.2 न्यूटन-मीटर फेडायला प्रत्येकाला साडेचार न्यूटन सतत द्यावे लागतील. जमेल, पण बॅटरी तिथेच संपेल. हातावर फोम लावल्यावर हाच आकडा 1 न्यूटनवर येतो. आधी फोम म्हणतोय ते म्हणून.

थ्रस्टरची एक खोड इथे नडते. ब्लू रोबोटिक्सचा टी200 असेल तर 1475 ते 1525 मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये (मोटरला वेग सांगणाऱ्या विद्युत संकेतांत) पंखा फिरतच नाही. त्याच्या अलीकडे-पलीकडेही जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे निम्म्या फेऱ्यांना पाव जोर. वाहन जागेवर जवळजवळ स्थिर असतं तेव्हा लूप नेमका याच मेलेल्या पट्ट्यात आदेश देत असतो. काहीच होत नाही, चूक साचते, मग एकदम धक्का, मग उलटा धक्का. ग्रिपरच्या टोकाला ही धुसफुस 5-10 सेंटिमीटरची होते आणि मंडळी डी-गेन (चूक किती वेगाने बदलते त्यावरचा गुणक) वाढवत बसतात. त्यापेक्षा समोरासमोरचे तिरके थ्रस्टर एकमेकांविरुद्ध हलकेसे चालू ठेवा, म्हणजे आदेश बदलला तरी कुणाला शून्य ओलांडावं लागत नाही. उभ्या थ्रस्टरसाठी वाहन 100-150 ग्रॅम तरंगतं ठेवा. त्यात आणखी एक फायदा आहे: वाहनाला खाली दाबताना पाण्याचा झोत वर जातो, तळाचा गाळ उठत नाही. जुने पायलट हे गणित न करता पाळतात.

तोल जमला की खरा कंट्रोलचा प्रश्न समोर येतो: हालचाल कुणी करायची, हाताने की वाहनाने? टोकाचं स्थान आणि दिशा मिळून सहा आकडे हवेत. तुमच्याकडे हलवता येण्याजोगं नऊ (वाहनाच्या पाच हालचाली, हाताचे चार सांधे), आठ थ्रस्टर घेतलेत तर पिच धरून दहा. त्यामुळे एकाच जागी पोचायचे असंख्य मार्ग आहेत. जेकोबियनचं (सांधे आणि वाहन हलले की टोक किती हलतं ते सांगणाऱ्या कोष्टकाचं) साधं स्यूडोइन्व्हर्स, म्हणजे उलटं गणित, लावलंत तर ते दोघांना सारखंच राबवतं, आणि ग्रिपर दोन सेंटिमीटर हलवायला अख्खं वाहन हलतं. दोघांच्या हालचालींना वेगवेगळी किंमत लावून वाटणी करा. वाहन महाग, हात स्वस्त. होडीच्या काठावरून जाळं ओढणारा कोळी बघितलाय ना? होडी आधी जागेवर आणतो, पाय रोवतो, मग सगळं काम खांद्यापासून पुढे. हात पुरा ताणला जाऊन सांधे मर्यादेला भिडायला लागले की मगच होडी वितभर पुढे. अँटोनेली आणि क्यावेरिनी यांनी 1998 मध्ये पाण्याखालच्या वाहन-हात जोडीसाठी मांडलेली कामांच्या अग्रक्रमाची पद्धत हेच नीट सूत्रात बसवते: पहिला मान टोकाच्या कामाला, उरलेल्या मोकळिकीत वाहन सपाट ठेवणं, सांधे मर्यादेपासून दूर ठेवणं, कॅमेऱ्यात लक्ष्य राखणं. तुमच्या प्रोजेक्टला हे पुरेसं आहे आणि परीक्षकांपुढे समजावून सांगताही येतं. वाहनाचा लूप मुद्दाम संथ ठेवा, हाताचा त्याच्या पाच-सहापट चपळ. दोघांचा वेग सारखा ठेवलात तर दोघे एकमेकांची चूक सुधारत बसतात.

आणि जिथे खरं काम चालतं तिथली गोष्ट. मुंबई हायवर पाणी साधारण 75 मीटर खोल. तिथे प्लॅटफॉर्मच्या पायांशी काम करताना तरंगत्या वाहनावरून नाजूक काम करायला फारसं कुणी जात नाही. मोठ्या आरओव्हीला सहसा दोन हात असतात: एक पाच हालचालींचा दणकट, एक सात हालचालींचा कसबी. दणकट हात खांब किंवा पकडदांडा धरतो, मग कसबी हात व्हॉल्व्ह फिरवतो. धरलं की वाहन-हाताच्या गतिशास्त्रातलं अर्धं दुखणं जातं. तुम्हीही दुसरा साधा, एका सांध्याचा पकडहात लावू शकलात तर तो कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा जास्त काम देईल.

पण धरण्याचाही एक सापळा आहे, आणि त्यात मी स्वतः सापडलोय. एका कामावर पकडहाताने दांडा धरला होता आणि ऑटो-हेडिंग (दिशा आपोआप राखणारा लूप) मी चालूच ठेवलं. वाहन ठरलेल्या दिशेपासून तीनेक अंश तिरकं अडकलेलं होतं. लूपच्या दृष्टीने ही न मिटणारी चूक; त्याचा इंटिग्रल भाग (चुकीची वाढत जाणारी बेरीज) वीस मिनिटं साचत राहिला आणि थ्रस्टर दांड्याला मुकाट पिळत राहिले. काम झालं, पकड सोडली. वाहन गर्रकन फिरलं, कसबी हात अजून ताणलेलाच होता, त्याचं मनगट खांबावर आपटलं आणि हातातलं टूल तळाला गेलं. ते शोधण्यात पुढची पाळी गेली. तेव्हापासून माझ्या कोडमध्ये पकड मिटली की इंटिग्रल गोठतो, आणि सोडण्याआधी तो शून्य होतो. ही दोन ओळींची दुरुस्ती आजच करून टाका. व्हॉल्व्ह फिरवतानाही हेच: टोकाला काही टेकलं की निव्वळ स्थानाचा लूप हट्टाला पेटतो. त्याऐवजी टोकाला स्प्रिंगसारखं वागवा, ठरलेल्या जागेपासून जितकं दूर तितकाच जोर. बलाचा सेन्सर नसेल तर मनगटात रबराचा एक तुकडा घातला तरी पुष्कळ फरक पडतो.

मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल वाईट नाही. थ्रस्टरची आणि सांध्यांची मर्यादा आधीच जाणून चालणं हे त्याचं खरं बळ. पण त्यातलं मॉडेल म्हणजे तोच दुपारचा तक्ता, तोच ड्रॅग, थ्रस्टरचा तोच मेलेला पट्टा. ते मोजलं नसेल तर तो चुकीचं भविष्य फार काटेकोरपणे वर्तवतो. न्यूरल नेटवर्कला मी उरलेली चूक शिकायला लावेन, वजन शिकायला नाही. वजन काट्यावर कळतं. शरीर आणि हात एकत्र चालवण्याची गरज खरोखर पडते ती स्टॅनफर्डच्या ओशनवनसारख्या यंत्राला. उसामा खतीब यांच्या गटाने 2016 मध्ये दोन हातांचं हे यंत्र फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, 1664 साली बुडालेल्या ला ल्यून या जहाजाच्या अवशेषांपर्यंत नेलं. बोटांना काय लागतंय ते वर बसलेल्या माणसाच्या हाताला जाणवत होतं. तिथे धरायला दांडा नव्हता, आणि ज्याला धरायचं ते तीनशे वर्षांहून जुनं होतं. तुम्हाला तलावातली पीव्हीसी रिंग उचलायची आहे.

तेव्हा आधी तक्ता करा. हात दुमडलेला, अर्धा आणि पूर्ण ताणलेला असतानाचे तीन पिच, एकदा फोमशिवाय आणि एकदा हातावरच्या फोमसह, आणि बुडतं केल्यावर वाहन कुठल्या दिशेने सरकलं ते. हे सात आकडे-उत्तरं पाठवलीत की आठ थ्रस्टरची फ्रेम घ्यायची की आहे त्यात भागेल, ते सांगता येईल.